कोळशाचा पिंजरा

दोन्ही पंजे सैल जुळवायचे, आत हलकी फुंकर मारायची आणि कानाशी धरून ऐकत बसायचं, ही सरांची सवय. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. मीही पदराआड हसायची.

मी कॉलेजात झाडूपोछा करते. कोपऱ्यातल्या खोलीत हे सर एकटे कॉम्प्युटरसमोर बसत. पडद्यावर करड्या गोळ्यांचा पिंजरा, आत धडपडणारे पांढरे ठिपके. डोळ्याला न दिसणारा कार्बनचा पिंजरा, त्यात वायू साठवला तर गाड्या बिनधुराच्या चालतील, असं त्यांनी मला सांगितलं होतं. प्रत्यक्षात अजून काहीच नव्हतं, मशीन नुसता हिशेब करून बघत होती.

"आमच्या कन्हानच्या खाणीतला कोळसा का, सर?" मी कसंबसं विचारलं.

"त्याचा भाऊच समजा, मावशी. थंडीत वायू गुमान आत बसते, गरमीत पळते."

"नागपूरच्या गरमीत तर माणूसही पळते."

ते हसले, मग पडद्याकडे वळले. "त्याले कोंडायचं नाही, मावशी. ठेवायचं आहे. बोलावलं की बाहेर आला पाहिजे."

दिवाळीनंतर ती मशीन दुसऱ्यांना मिळणार होती. त्याआधी हा शेवटचा हिशेब पुरा झाला तरच त्यांची पीएचडी. वेळ वाचावा म्हणून झालेलं काम मधेमधे साठवून ठेवणंही त्यांनी बंद केलं होतं. मशीनवर चिठ्ठी होती, 'बंद करू नये'.

खंडेनवमीला आमच्या शिपाईकाकांनी सगळ्या मशीनींची पूजा केली. त्या दिवशी औजार चालवत नाहीत, म्हणून आधी बटणं बंद केली. सरांच्या मशीनवरची चिठ्ठी काढली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि चिठ्ठी परत नीट चिकटवली.

सर आले तेव्हा मी दारात झाडू घेऊन उभी होते. काळ्या पडद्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. काका घाबरून म्हणाले, "काही चुकलं का, साहेब?"

"पूजा झाली नं, काका? मग प्रसाद द्या."

पेढा त्यांनी तोंडात टाकला, पण गालातच धरून ठेवला. मी फरशी पुसून निघाले तरी तो तिथंच होता.

हिशेब पहिल्यापासून पुन्हा लावला, पण पुरा झाला नाही. दिवाळीनंतर ते सामान न्यायला आले. गांधीबागेत भावाच्या कापडाच्या दुकानात बसणार म्हणाले. फाटकापाशी मी धीर करून विचारलं, "राहिला असता का हो वायू आत, सर?"

त्यांनी सवयीनं पंजे जुळवायला हात उचलले. दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

"माहीत नाही, मावशी," म्हणाले आणि ऑटोत बसले.

त्या मशीनवर आता दुसरी मुलं काम करतात. धूळ मीच पुसते. कुंकवाचं बोट तेवढं सोडून.