दैवशालाबाईंनी गोष्टीतल्या बाईला केलेला फोन

दैवशालाबाई माझ्या शेजारी राहतात आणि टेंभुर्णीच्या प्रौढ वर्गात माझ्याच सतरंजीवर बसतात. त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे. कापूस वेचण्यात त्यांच्यासारखा चपळ हात आमच्या आळीत नाही. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. लग्नानंतर बैलगाडीवरून पडल्यामुळे तो कान गेला, असे त्या सर्वांना सांगत असत. कोणता बैल बुजला आणि गाडी कोठे कलंडली, हेही त्या सांगत. मी ते खरे मानले होते.

आमच्या तारा मॅडम मासिकातील बायकांच्या जीवनावरच्या नव्या गोष्टी आम्हाला वाचायला देतात. वाचल्यावर प्रत्येकीने उभे राहून आपले मत सांगावे, असा वर्गाचा नियम आहे. सोनूबाई ‘चांगली हाये’ म्हणून लगेच बसतात. बेबीनंदा नेहमी गोष्टीतल्या सासूची बाजू घेते, कारण ती नुकतीच सासू झाली आहे.

एकदा एका बाईने ‘मी’ असे म्हणून सांगितलेली गोष्ट आली. नवऱ्याने तिचा हात चुलीत धरलेला असतो आणि ती जगाला सांगते की दूध उतू जाताना भाजले. दैवशालाबाईंनी ती घरी नेऊन, ओळीखाली बोट ठेवून, स्वतः पूर्ण वाचली. त्यांची पाळी आली तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मला जे वाटलं ते मी तिला सांगून टाकलं.”

“कोणाला?” मॅडमनी विचारले.

“त्या बाईला. गोष्टीच्या खाली तिचा लंबर होता ना! सुनेच्या फोनवरून लावला.”

बेबीनंदा म्हणाली, “अगं माय, मंग तिच्या सासूला पण फोन लावायचा ना!” सगळ्या हसल्या. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितले की खाली लेखिकेचा नंबर छापतात, वाचकांनी तिला फोन करावा म्हणून. गोष्टीतली बाई लेखिकेने मनाने रचलेली असते.

“मनाची?” दैवशालाबाई खाली बसल्या. “तिचा हात भाजलाच न्हाई? मंग मी कोणाला सांगितलं?”

नंतर घरी येताना त्यांनी मला सगळे सांगितले. त्या बाईला धीर यावा म्हणून त्यांनी आपल्या कानाची खरी हकीकत तिला सांगितली होती. पलीकडची बाई रडली. म्हणाली, “तुमचं बोलणं छापू का?” दैवशालाबाईंना वाटले की छापले म्हणजे ते त्याच बाईला पोहोचेल. त्या म्हणाल्या, “छापा.” नाव विचारले, नाव दिले. गाव विचारले, गाव दिले.

मी हे मॅडमना सांगितले तेव्हा त्यांनी लगेच लेखिकेला फोन केला. पण ते छापलेला मासिकाचा अंक आधीच टपालात पडला होता.

त्या दिवसापासून दैवशालाबाई अंक कधी येतो याच धास्तीत होत्या. त्यांचे यजमान काकासाहेब रोज राधेश्यामच्या किराणा दुकानाच्या बाकावर बसतात. वर्गाचा अंक त्याच दुकानाच्या पत्त्यावर येतो, आणि आमच्या गावाचे नाव कोठेही छापून आले की राधेश्याम ते मोठ्याने वाचतो. काकासाहेबांची चार माणसांत मान खाली गेली की त्यांचा हात उठतो. त्यांच्या थोरल्या लेकीच्या लग्नात भर मांडवात मी ते पाहिले आहे. मला वाटले होते, तेवढे एकदाच.

अंक आला तेव्हा काकासाहेब शेतात होते. आम्ही दोघी दुकानात गेलो.

“काय वैनी, आता तुम्ही पण पेपर वाचून राह्यल्या का?” राधेश्यामने विचारले.

“जल्दी दे,” दैवशालाबाई म्हणाल्या. त्यांनी अंक पदराखाली घेतला.

मी म्हणाले, “चुलीत घाला.”

“हा एक घालीन, अक्का. बाकीचे गावोगाव गेले. परतूरला यांच्या बहिणीची सून हेच मासिक वाचते. लोकांच्या तोंडून ऐकलं तर हे मला जित्ती ठेवणार न्हाईत. मीच वाचते. तुम्ही उंबऱ्यात बसा.”

काकासाहेब दुपारी जेवायला आले. त्यांचे जेवण झाल्यावर दैवशालाबाईंनी अंक उघडला. त्यांनी तो मांडीवर दाबून धरला. एकेक अक्षर लावत त्यांनी वाचले, “टेंभुर्णीच्या दैवशालाबाई म्हणतात, माझा कान गाडीवरून पडून गेला नाही. नवऱ्याच्या माराने गेला. मी खोटे सांगत आले. बाई, तू खोटे सांगू नकोस.”

काकासाहेबांनी विचारले, “कोणी लिहिलं हे?”

“मी बोलले. त्यांनी लिहिलं.”

“गाडीवरून पडल्ती तू.”

“न्हाई.”

ते उठले. दैवशालाबाईंनी अंक तोंडासमोर धरला. काकासाहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “उषाबाय, तुम्ही घरी जा.”

मला जावेसे वाटले, हे मी खरे लिहिते. परंतु अंकाआडून आवाज आला, “अक्का जाणार न्हाईत.” मग मी चौकट घट्ट धरून बसले.

काकासाहेब चपला घालून माझ्या अंगावरून बाहेर गेले. सायंकाळी परत आले, जेवले, आणि एक शब्दही बोलले नाहीत. अद्यापही बोलत नाहीत. त्या गप्प राहण्यात पश्चात्ताप आहे की राग, हे आम्हाला कळत नाही. दुकानाचा बाक त्यांनी सोडला आहे आणि ते दिवसभर घरातच बसून असतात.

दैवशालाबाई आता झोपायला माझ्याकडे येतात. दाराला कडी मी लावते. त्या उठून ती पुन्हा ओढून पाहतात.