वाचून दाखवलीस का?

"ज्याच्यावर लिहिलीस, त्याला वाचून दाखवलीस का?"

बातमी हातात दिली की आमच्या साप्ताहिकाचे संपादक चष्मा कपाळावर सरकवून आधी हेच विचारायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. आता तुम्हीच सांगा, भिवंडीत कोण असलं काही करतं? नगरसेवकावर लिहा आणि त्यालाच जाऊन ऐकवा! मी वैतागायचो. "काका, तो बदडेल मला."

"बदडू दे. पण तो काय म्हणतो ते लिहून घे. आपल्याला काय सगळं कळतं होय रे?"

स्वतःही तसेच. एकदा लूम कामगारांवरचा अग्रलेख त्यांनी टपरीवर एका कामगाराला हिंदीत ऐकवला. तो म्हणाला, "चचा, हमारी शिफ्ट ऐसी नहीं होती." काकांनी तिथेच अर्धा लेख फाडला. अंक एक दिवस उशिरा निघाला आणि मी दिवसभर धुसफुसत बसलो.

मग राहनाळला एक गोदाम जळालं. चौकीदार झोपला होता, असं मालक म्हणाला. मी तसंच लिहिलं, चौकीदाराच्या नावासकट.

"वाचून दाखवलीस?"

"हो," मी ठोकून दिलं. तो राहायचा शेलारला. एवढ्या उन्हात कोण जाणार!

अंक निघाल्यावर कळलं, आग लागली त्या दिवशी मालकानेच त्याला दापोड्याच्या गोदामावर ड्युटीला पाठवलं होतं. दोन मिनिटांचं काम होतं हो विचारायचं! मालकाने माझीच बातमी दाखवून त्याला काढून टाकलं. गावात त्याचं नाव पडलं 'झोप्या'.

काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचाच मला अजून राग येतो. अहो, शिव्या तरी घालायच्या! पुढच्या अंकात पहिल्या पानावर त्यांनी माफी छापली, खाली स्वतःचं नाव. पण माफी कोण वाचतं? झोप्या तो झोप्याच राहिला.

यंदा काका गेले. तेरावं झाल्यावर मी एकदाचा शेलारला गेलो. चौकीदार ओटीवर बसला होता. म्हटलं, "ती आगीची बातमी मी लिहिली होती."

"न्हाय वो. तुमच्या काकांनी लिवलेली. सोता आलते हितं, हात जोडून बोलले, मीच लिवली, मीच चुकलो. मापी छापायच्या आदी मना वाचून दाखवली. बरोबर हाय का, ईचारला."

"अहो, खरंच मी लिहिली. त्यांच्याशी खोटं बोललो मी."



"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "गेलेल्या मानसाला खोटा नका पाडू."