रांग नसलेली शाळा

सिंगापुरातल्या मराठी माणसाला मुलांच्या शाळेबद्दल सहज म्हणून काही विचारू नये. सहज उत्तर मिळत नाही. शाळेचं नाव, ती घरापासून किती लांब, तिथे नंबर लागावा म्हणून आई वर्षभर त्याच शाळेच्या वाचनालयात फुकट पुस्तकं कशी लावत होती, हे सगळं ऐकावं लागतं. मी ते पुष्कळदा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी घरी येऊन नवऱ्याला सांगितलंय की आपण असलं काही करायचं नाही. मग आम्हीही केलंच. फक्त उलट्या दिशेने केलं.

मुलगी तेव्हा बुकित तिमाहच्या एका बालवाडीत जात होती. घरी तिच्या तोंडाला कुलूप नसे. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर आणि शेवटी इथल्या बोलीतला एक 'लाह' चिकटवलेला. बालवाडीतल्या बाई मात्र दर भेटीत तिचं कौतुक करायच्या की किती शांत मुलगी, हिचा काही म्हणजे काही त्रास नाही. आम्हीही खूश होऊन माना डोलवायचो.

एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मी तिला विचारलं, "आज बाईंनी काय विचारलं?" तिने प्रश्न सांगितला, उत्तरही सांगितलं. उत्तर बरोबर होतं.

"मग वर्गात सांगितलंस का?"

"नो."

"का गं?"

"डोन्ट से, देन कॅनॉट बी राँग, व्हॉट."

बोललंच नाही, तर चुकणार कसं? साडेपाच वर्षांची पोर हे इतक्या समजूतदारपणे म्हणाली की मला भीती वाटली. तव्यावरची पोळी करपली. पलीकडे बसलेल्या नवऱ्याने लॅपटॉप मिटला. हे तो एरवी भूकंप झाला तरी करणार नाही.

"आपण हिची शाळा बदलू," तो म्हणाला.

"अरे, ती अजून शाळेत गेलीच नाहीये. बालवाडीत आहे."

"मग जायच्या आधीच बदलू."

नवऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. पाया लेबारच्या एका ऑफिसात तो बँकेची जोखीम मोजतो, आणि घरी आल्यावर आमची. पुण्यात शाळेत असताना तो बोर्डात आला होता. लग्न ठरवताना हे मला त्याच्या नावाआधी सांगण्यात आलं. त्याचे वडील, म्हणजे अण्णा, त्याच शाळेत गणित शिकवायचे. आता निवृत्त आहेत, पण दर शनिवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर आमची हजेरी घेतात. त्या वर्षी त्यांचा एकच प्रश्न असे, "तिथली एक नंबरची सरकारी शाळा कोणती?" नवरा म्हणे, "बघतोय, अण्णा." ते खरंच होतं. तो बघत होता. फक्त दुसऱ्या टोकाकडून.

कमी ताणाची शाळा शोधायचा त्याने एवढा ताण घेतला की विचारू नका. इथे पहिली-दुसरीच्या परीक्षा सरकारने काढून टाकल्या आहेत आणि पालकांनी त्या ट्यूशनच्या मागच्या दाराने परत आत घेतल्या आहेत. त्यामुळे सरकार काय म्हणतं यावर जाऊन चालणार नाही, पालक कसे आहेत ते बघितलं पाहिजे, असं त्याने ठरवलं. आम्ही अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून शाळा सुटायच्या वेळी निरनिराळ्या फाटकांपाशी उभे राहू लागलो. मूल बाहेर आल्यावर घरचं माणूस पहिला प्रश्न काय विचारतं, तो ऐकायचा. एवढीच त्याची परीक्षा.

एका नावाजलेल्या शाळेपाशी पहिला प्रश्न होता, किती मिळाले. दुसरा, तुझ्यापेक्षा जास्त कुणाला. दप्तर खांद्यावरून उतरायच्या आत दोन्ही विचारून होत. दुसऱ्या एका शाळेपाशी रखवालदार काकांनी आम्हालाच विचारलं की तुमचं मूल कुठलं. "पुढच्या वर्षी येईल कदाचित," असं नवऱ्याने अगदी खरं उत्तर दिलं. ते ऐकून काकांनी आम्हाला रस्ता ओलांडून पलीकडे उभं केलं.

मग बेडोकची एक शाळा सापडली. साधी, आसपासच्या इमारतींमधली मुलं जातात तशी. फाटकाबाहेर आज्या उभ्या होत्या, हातात हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांवरून आणलेल्या खाऊच्या पिशव्या. "ईट ऑलरेडी ऑर नॉट?" पहिला प्रश्न हा, आणि दुसरा नाहीच. एक मुलगा एका पायात बूट आणि दुसरा बूट हातात असा बाहेर आला. आजीने त्याच्या तोंडात काहीतरी कोंबलं आणि दोघं चालू लागले.

"हीच," नवरा म्हणाला.

"एका बुटावर ठरवलंस?"

"कुणी विचारलं का त्याला? नाही ना? मग झालं तर."

आता इथला नियम असा, की शाळेत जागेसाठी झुंबड उडाली तर शाळेच्या एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी घेतात, मग चिठ्ठ्या टाकतात. आम्ही पीआर, नुसते कायमचे रहिवासी, म्हणजे नागरिकांच्या मागे. तेव्हा एक किलोमीटरच्या आत भाड्याने फ्लॅट घ्यायचाच, असा नवऱ्याने हट्ट धरला. एजंट बाई चिनी होत्या आणि मुरलेल्या. शाळा म्हणताच त्यांनी फोनवर एक नकाशा उघडला, त्यावर नामवंत शाळांभोवती वर्तुळं काढलेली होती. आमच्या शाळेभोवती काही नव्हतं. नवऱ्याने बोट ठेवून दाखवलं. बाईंना वाटलं बोट घसरलं. त्यांनी ते उचलून शेजारच्या वर्तुळात ठेवलं. त्याने परत आपल्या जागी आणलं.

"दॅट वन नो नीड टू स्टे नियर लाह," बाई म्हणाल्या. "एनीबडी कॅन गो इन."

"येस, येस, दॅट वन," नवरा आनंदाने म्हणाला.

बाईंनी मला जरा बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "युअर डॉटर, ओके ऑर नॉट?"

तर जिथे शहराच्या कुठल्याही टोकाहून सहज प्रवेश मिळाला असता, त्या शाळेपासून चालत चार मिनिटांवर आम्ही घर घेतलं. कधीच पडणार नव्हत्या त्या चिठ्ठ्यांचीही जोखीम नवऱ्याने पत्करली नाही. जागा उरल्या होत्या, प्रवेश झाला. तो महिनाभर सुटकेचे निःश्वास टाकत होता.

त्या वर्षी ओळखीच्या एका कुटुंबाच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर गणपतीच्या आरतीला गेलो. प्रसाद घेताना शाळेचा विषय निघालाच. मी नाव सांगितलं. एकीने विचारलं, "कुठे आहे ही?" दुसरी म्हणाली, "असू दे गं, पुढे बदलता येते." तिसरीने माझ्या ताटलीत आणखी एक मोदक ठेवला. घरात काही अशुभ घडल्यासारखी सगळ्यांनी माझी समजूत घातली, आणि मला हसूही येत होतं आणि मनातून धाकधूकही होत होती. आपण पोरीचं नुकसान तर करत नाही ना, हा विचार येतोच. मोदक उत्तम होता.

जानेवारीत ती पहिलीत गेली. मार्चमधल्या एका शुक्रवारी वर्गशिक्षिकांनी भेटायला बोलावलं. बाई तरुण होत्या आणि थोड्या अवघडलेल्या. मुलगी छान आहे, म्हणाल्या, पण वर्गात फार बोलते. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देते. चुकलं की दुसरं देते. तेही चुकलं की शेजारच्याचं विचारून तिसरं देते. घरी जरा सांगाल का?

नवऱ्याने त्यांना विनंती केली, "हे परत एकदा सांगाल का, प्लीज?"

बाईंनी परत सांगितलं. त्याने मान खाली घातली. मला वाटलं हसतोय. तो हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. अण्णांचा चेहरा पडद्यावर दिसताच नवऱ्याने बोर्डाचा निकाल सांगावा तशी ती तक्रार त्यांना सांगितली. मी पडद्याबाहेर सरकले, कारण आता गणिताचे सर सुरू होणार असं मला वाटलं.  पण अण्णा म्हणाले, "तुझ्याबद्दल स्टाफरूममध्ये कधी कुणी अशी तक्रार आणली नाही. सगळे म्हणायचे, सर, तुमचा मुलगा किती शांत. मला बरं वाटायचं. पण उत्तरं तर तुला सगळी यायची. हात का वर करायचा नाहीस रे?"

नवरा म्हणाला, "चुकलं असतं, तर मधल्या सुट्टीच्या आत तुम्हाला कळलं असतं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. अण्णांनीही नसावं.

"कळलं असतं," ते म्हणाले. "आणि घरी आल्यावर मी तुला बोललोही असतो. सोडलं नसतं." मग म्हणाले, "तिला बोलाव."

ती आली. अण्णांनी विचारलं, "काय गं, वर्गात एवढं काय बोलतेस?" आणि पोर सांगत सुटली. निम्मं इंग्रजीत, निम्मं कसल्याशा मराठीत, मध्येच बेरजेचं एक उदाहरण, तेही चुकलेलं. मी पडद्याबाहेरून बघत होते. अण्णांनी तिला थांबवलं नाही, बेरीज सुधारली नाही, "मग? पुढे?" एवढंच म्हणत राहिले. नवरा खुर्चीमागे उभा होता. आपल्या वडिलांना कुणाचं चुकलेलं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेताना तो पहिल्यांदाच बघत होता.