मगराला कुंकू

शरदिनीमावशी गेली, ती चैत्रातच गेली. गौर झोपाळ्यावर बसलेली, आंब्याची डाळ वाटून ठेवलेली, ती तशीच राहिली. सगळी रडत बसलेली असताना कुणीतरी मध्येच म्हणालं, "आता मगराला वारा कोण घालणार?" आणि रडता रडता घरभर हसू फुटलं. बाहेरच्या माणसांना वाटलं असेल, या बायकांचं डोकं फिरलं. म्हणून ही मगराची गोष्ट सांगायलाच हवी. ती ऐकली की मावशी कशी होती ते वेगळं सांगावं लागत नाही.

इंग्रजाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मावशी लग्न होऊन काशीला बालाजी घाटावरच्या घरात आली, तेव्हा अगदी पोर होती. नवरा बिंदुमाधवराव पाठशाळेत शिकवायचे, स्वभावानं गरीब. सासू गंगाबाई. बाईंचा दरारा असा की गल्लीतला सांडसुद्धा त्यांना बघून बाजूला सरकायचा. कुणाच्याही घरी हळदीकुंकू असो, पहिलं बोट गंगाबाईंच्या कपाळाला. कमरेच्या बटव्यात कुंकवाचा करंडा आणि अक्षता कायमच्या. मावशीचं जग म्हणजे चूल, घाट नि देऊळ. सासूसुनेचं बोलणं काय, तर "मीठ घातलंस का?" "घातलं." संपलं.

अशात एक दिवस बिंदुमाधवराव घरी येऊन म्हणाले, "अस्सी घाटाच्या पुढं बागेतल्या कोठीत, म्हणजे बंगल्यात, जादूघर उघडलंय. वाघ, अस्वलं, पक्षी, मासे, सगळं मेलेलं, पण जिवंत असल्यासारखं उभं केलंय. महिन्यातून एक दिवस जनाना दिवस. पुरुषांना बंदी. बायका-मुलांना घेऊन या म्हणतात, एक बाई सगळं समजावून सांगतात."

गंगाबाई म्हणाल्या, "मेलेलं बघायला अस्सीला कशाला जायचं? मणिकर्णिकेचं स्मशान काय वाईट आहे?"

"अहो आई, माणसं नव्हेत, जनावरं."

"म्हणजे आणखीनच छान! शिवाशीव करून घ्यायची, नि ती पण नावेचं भाडं देऊन!"

पण संकठा घाटावरच्या लीलावन्सं, गंगाबाईंच्या नणंद, जाऊन आल्या आणि गल्लीभर सांगत सुटल्या, की गंगामाईचं वाहन बघितलं, खरंखुरं मगर, हे एवढं लांब. झालं. लीलावन्संनी बघितलं आणि गंगाबाईंनी नाही बघितलं, असं कधी झालंय? पुढच्या जनाना दिवशी नाव ठरली. चार घरच्या बायका, पोरं, पाण्याची कळशी, लाडवांचा डबा. मावशी नावेच्या टोकाला बसली होती. संकठा घाट गेला, मणिकर्णिकेला बायकांनी हात जोडले, अहिल्याबाई घाट गेला. मावशी म्हणायची, "बाई गं, रोज ज्या पायऱ्यांवर बसून धुणं धुतलं, त्या घाटांना तोंड असतं ते त्या दिवशी कळलं."

जादूघर चालवणारे विश्वेश्वरबाबू बंगाली. जनाना दिवशी ते स्वतः बाहेर बागेच्या टोकाला जाऊन बसायचे, आणि आत सांगायला त्यांची बायको. सगळ्या तिला बोउदी म्हणायच्या, बंगाल्यांत वहिनीला म्हणतात तसं. बोउदी आधी काही सांगायचीच नाही, विचारायची. साळिंदराचा काटा हातात द्यायची आणि म्हणायची, "बताओ, यह किसका है?" कुणी म्हणे लेखणी, कुणी म्हणे केसांचा आकडा. घुबडाचं पीस कानाजवळ हलवून दाखवायची, बघा, आवाज येतो का? नाही येत. म्हणून उंदराला कळत नाही. मावशीनं ते पीस परत परत हलवून बघितलं. ती हसायला लागली ती थांबेचना. सासरी आल्यापासून असं मोठ्यानं हसलीच नव्हती.

आणि मधल्या दालनात ते मगर. काचेच्या कपाटात मावेना म्हणून उघड्यावरच ठेवलेलं. भुसा भरलेलं, काचेचे डोळे, जबडा हा एवढा उघडा.

गंगाबाई थबकल्या. पदर डोक्यावर नीट केला, बटवा सोडला. मगराच्या कपाळाला हळद, कुंकू, वर अक्षता. बोउदी पलीकडे पोरांना फुलपाखरं दाखवत होती, तिला पत्ताच नाही. गंगाबाई जबड्यात वाकून बघत म्हणाल्या, "केव्हाचं तोंड उघडून बसलंय बिचारं. गंगेचं वाहन आणि उपाशी!" आणि एक लाडू आत ठेवला. मग काय, मागच्या सगळ्या बायकांनी रांग लावली. ज्यांच्याकडे लाडू नव्हता त्यांनी बत्तासा. मावशीनंसुद्धा कुंकू लावलं. सासूनं लावलं तर सून मागं राहील?

परतीच्या नावेत नवल झालं. गंगाबाई आपणहून बोलल्या. "काय गं, त्या घुबडाचं खरं असेल?" मावशी म्हणाली, "असेल हो. आपल्या आंब्यावरचं घुबड येतं-जातं, कधी ऐकू आलंय?" गंगाबाईंनी विचार केला, म्हणाल्या, "नाही बाई." घाट येईपर्यंत दोघी बोलत होत्या. मीठ-तिखटाशिवाय पहिल्यांदा. घाटावर उतरल्या उतरल्या मेलेल्याचा विटाळ म्हणून सगळ्यांनी नेसत्या लुगड्यानिशी बुडी मारली, आणि पाण्यातसुद्धा बोलणं चालूच. मावशीनं तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी धाकट्या बहिणीला बोलवून घ्यायचं नि न्यायचं.

पण पुढची वेळ आलीच नाही. कोठीवरून निरोप आला, जनाना दिवस बंद.

मावशीचं तोंड उतरलं. अन्न गोड लागेना. तिला माहेरी जायला मिळत नसे, नाटक-तमाशा तर लांबच. एवढी एकच खिडकी उघडली होती, तीही मिटली. शेवटी बिंदुमाधवरावांना म्हणाली, "मला घेऊन चला. त्यांनाच विचारते." त्यांनी डोकं खाजवलं, पण नेलं.

विश्वेश्वरबाबूंनी काही न बोलता दोघांना मगरापाशी नेलं. कपाळावर हळदीचा पिवळा डाग. आणि जबडा? लाडवाच्या वासानं आधी मुंग्या आल्या, मुंग्यांमागून उंदीर आले, आणि उंदरांनी लाडू खाता खाता मगराची जीभ नि हिरडीही कुरतडून टाकली. आतला भुसा बाहेर लोंबत होता.

"पंडितजी," बाबू म्हणाले, "सारी उम्र यह मगर गंगाजी में किसी से नहीं डरा. हमारे यहाँ आकर इसको चूहा खा गया." बिचारे रडकुंडीला आले होते. "आप लोग पूजा करेंगे, मना तो कर नहीं सकते. इसलिए बंद."

बोउदी दारामागून म्हणाली, "और वह भूखा नहीं था, बहन. मगर को पसीना नहीं आता, गर्मी लगती है तो मुँह खोलकर बैठता है."

 दोघं घरी आली.

घरी चैत्रगौर बसायची होती. गंगाबाई आरास मांडत होत्या. पायऱ्या पायऱ्यांवर पांढरं कापड, त्यावर काशीच्या लाकडी रंगीत चिमण्या, मातीचा पोपट, हत्ती, सिंह, कलिंगडाचं कमळ. वर झोपाळ्यात गौर. शेजारची नवीन लग्न झालेली विद्युल्लता बघायला आली होती. तिनं भाबडेपणानं बोट कुंकवात बुडवलं आणि पोपटाकडे नेलं. गंगाबाईंनी हात धरला.

"अगं ए वेडे! आराशीला कुंकू लावतात होय? कुंकू गौरीला, नाहीतर सवाष्णीला. आरास नुसती बघायची. हात नाही लावायचा."

मावशी दारात उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "सासूबाई, मग ते मगर काय गौर होतं?"

विद्युल्लतेनं जीभ चावली. बिंदुमाधवराव तांब्या घेऊन उगाचच मागल्या दारी गेले. गंगाबाई सुनेकडे बघत राहिल्या. मावशी सांगायची, "मला वाटलं, आता आपली रवानगी माहेरी. चला, निदान माहेर तरी दिसेल!" मग तिनं जे बघितलं ते सगळं सांगितलं. डाग, मुंग्या, उंदीर, कुरतडलेली जीभ.

"माझ्या लाडवानं?" गंगाबाई म्हणाल्या. "गंगेच्या वाहनाला माझ्या लाडवानं उंदीर लागले?"



गंगाबाई आराशीतल्या चिमण्या पुसायला लागल्या. मग एकदम म्हणाल्या, "चूक त्या बंगाल्याची आहे."

"ती कशी?"

"आरास एवढी मोठी मांडली आणि गौर बसवलीच नाही! बायकांनी कुंकू लावायचं कुणाला? गौर नसली की बाईचा हात दिसेल त्याला कुंकू लावतो. त्याला म्हणावं, गौर आम्ही आणतो."

मावशी सांगायची, इतकी वर्षं त्या बाईच्या हाताखाली काढली, पण तिच्या पाया पडावंसं मनापासून वाटलं ते त्या दिवशी. नवऱ्याला तिनं त्याच पावली परत कोठीवर पाठवलं. विश्वेश्वरबाबूंना पहिल्यांदा काही कळेना, पण बोउदीला लगेच कळलं. तीच म्हणाली, गौर बाहेर व्हरांड्यात बसेल, खाणंपिणं, कुंकू सगळं तिथंच, आत नुसतं बघायचं. बाबू म्हणाले, "एक बार. अंदर एक भी धब्बा दिखा, तो हमेशा के लिए बंद."

आणि मग जी नाव निघाली! नाव कसली, नावा. पुढच्या नावेत गंगाबाईंच्या मांडीवर गौर, झोपाळ्यासकट. मागं डाळीची पातेली, पन्ह्याची मडकी, गुलाबदाणी. अहिल्याबाई घाटावर आंघोळ करणारे लोक विचारायला लागले, "कौन सी बरात है?" मावशी ओरडून म्हणाली, "गौर जादूघर देखने जा रही है!"

कोठीवर गौर बसली, हळदीकुंकू झालं, डाळ-पन्हं झालं. मग गंगाबाई दालनाच्या दारात पाट मांडून बसल्या. बाजूला पाण्याची बादली. "बोटं दाखव." "धू परत, पिवळी आहेत." "पदरात काय लपवलंयस? डाळ? आधी खा, मग आत." लीलावन्संची बोटं तर तीनदा धुवायला लावली. लीलावन्सं म्हणाल्या, "काशीविश्वेश्वराच्या गाभाऱ्यात कुणी एवढं अडवत नाही!" गंगाबाई म्हणाल्या, "तिथं उंदीर गणपतीचा असतो. इथला मोकाट आहे."

आत बोउदीच्या भोवती एवढ्या बायका की मागच्यांना ऐकूच येईना, आणि म्हाताऱ्यांना तिची बंगाली वळणाची हिंदी कळेना. तिनं मावशीचा हात धरला, "तुम बोलो न." मावशीनं घुबडाचं पीस उचललं आणि मराठीत सुरू झाली. आधी घाबरून भराभर बोलत होती. मग कुणीतरी विचारलं, उंदराला खरंच कळत नाही? मावशी म्हणाली, "तुमच्या घरात सून डबा उघडते, तेव्हा कळतं का तुम्हाला?" जो हशा पिकला! त्यानंतर तिची भीती गेली, ती गेलीच.

मगरापाशी पोचल्या. जीभ शिवून नीट केलेली होती. लांबून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सवयीनं हात पुढं केला.  वयानं मोठ्या बाई, त्यांना अडवायचं कसं?

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आराशीला हात नाही!"

हात जागच्या जागी थांबला. म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "अहो पण तोंड उघडंय त्याचं. उपाशी नाही का ठेवायचं गंगेच्या वाहनाला?"

गंगाबाई पाटावरून उठल्या, आत आल्या. सगळ्या बाजूला सरकल्या. "उपाशी नाहीये ते," त्या म्हणाल्या, जशा काही जन्मभर मगरं पाळत आल्यात. "त्याला घाम येत नाही. उकडतंय त्याला. विचारा आमच्या सुनेला."

सगळ्या मावशीकडे बघायला लागल्या. मावशीनं मान हलवली, "हो, उकडतंय." 

गंगाबाईंनी क्षणभर मगराकडे बघितलं. कुंकू नाही, लाडू नाही, हात जोडून परत फिरायचं कसं? मग त्यांनी कमरेला खोचलेला वाळ्याचा पंखा काढला, पाण्याचा थेंब नाही ना ते चाचपून बघितलं, आणि मगराला वारा घालायला लागल्या. हळूहळू, तापलेल्या पोराला घालतात तसा. मग लीलावन्संनी पंखा काढला. मग त्या म्हाताऱ्या बाईंनी. दालनभर वाळ्याचा वास सुटला.

संध्याकाळी विश्वेश्वरबाबू दिवा घेऊन डाग शोधत फिरले. बोउदीनं पंख्याचं सांगितलं तेव्हा खाली बसून हसले, डोळे पुसले, म्हणाले, "पंखा चलेगा."

जनाना दिवस चालू राहिला. पुढच्या वेळी मावशीची धाकटी बहीण नावेत होती. गंगाबाई होत्या तोवर दारात त्याच बसायच्या, नि आत मावशी सांगायची. गौर दर चैत्रात अस्सीला जाऊन मगर बघून यायची. गंगाबाईंच्या मागं तो पंखा मावशीकडे आला, आणि मगराला वारा घालायचं कामही. कडा झिजून गेल्यात, पण पाण्यात बुडवला तर अजून वास येतो.