पायांवरून उचललेली लेक

आत्याबाई, आम्ही निघालो त्या सकाळी तुम्ही चुलीपुढून उठला नाहीत. लेकीला मी छातीशी साडीत बांधलं होतं, तुमच्या लेकानं बोचकं घेतलं होतं. सून म्हणून पाया पडायला वाकले, तर तुम्ही पाय ओढून घेतलेत.

हे तुम्हाला कुणी वाचून दाखवणार नाही. तरी लिहिते.

श्रीगोंद्याच्या फडात उसाची मोळी उचलताना मला कळा आल्या. पोर दिवस भरायच्या आधीच झाली. नगरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. तिथल्या सिस्टरनं मला तिच्या खुणा ओळखायला शिकवलं. बोटं ताठ फाकली, रंग उतरला, सारखी उचकी किंवा जांभई आली, तोंड फिरवलं, की पोर दमली. मग थोपटायचं नाही, बोलायचं नाही. एक तळवा डोक्याला, एक पावलांना, नुसतं धरून राहायचं. तसं धरलं की तिचा श्वास संथ व्हायचा.

घरी आणली. तुम्ही तिला पायांवर आडवी घेतलीत, तेल चोळलंत, कढत पाणी ओतलंत. तिला उचकी लागली. न्हाणीपाशी जमलेल्या बाया हसल्या, "मामा आठवण काढतुया." तिची बोटं फाकली होती, ओठांभोवती निळं पडत होतं. मी तिला तुमच्या पायांवरून उचललं. चारचौघींत.

"निम्मं गाव या पायांवर न्हालंय," तुम्ही म्हणालात. "चौथी शिकल्याली तू, मला शिकवतीस व्हय? माझा हात चालंना, तर माझं घर कशाला पायजे?"

सिस्टरचं सगळं बोलणं आठवत होतं. पण तुमच्यापुढं माझी जीभ कधी उचललीच नव्हती.

आता नगरला एका खोलीत राहतो. तुमचा लेक मार्केट यार्डात हमाली करतो, मी मेसमध्ये भाकरी थापते. पोर बालवाडीत जाते, लई हट्टी आहे. तुम्ही गावभर सांगता म्हणे, "माझ्या हातूनबी अशीच वाढली असती." वाढली असती का? ते आता कुणालाच कळायचं नाही. हेच डाचतं. मी तिला वाचवली म्हणावं, तर दाखवायला काही नाही. घर मात्र गेलं.

सणाला तिची वेणी घालून तिला बापाबरोबर गावी पाठवते. तुम्ही नातीला जवळ घेता, असं ती सांगते. येताना पोळ्या बांधून देता, दोघांपुरत्या. मेसमधल्या बाया घर कुठलं विचारतात, तेव्हा मी अजून तुमच्याच गावाचं नाव सांगते.