कॅमेऱ्याभोवतीची प्रदक्षिणा

आश्विन शुद्ध नवमी. पहाटे दंव, दुपारी लख्ख ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही. हवामान आधीच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला धड सांगता तरी येईल!

उदयनगरच्या जंगलात आमचं पाहणीचं ठाणं होतं. झाडं, पाऊस, जनावरं, सगळ्यांची पाहणी. उपकरणं माझ्या ताब्यात. वरिष्ठ रावसाहेबांनी वाघाच्या वाटेवर एका झाडाला कॅमेरा बांधायला लावला होता. वाटेत बारीक तार. तिला पाय लागला की भुकटी पेटून उजेड आणि फोटो!

"तात्या, फोटो उमटायची ही शेवटची काच," रावसाहेब म्हणाले. "आज वाघ मिळाला तर ठाणं राहील. नाहीतर संस्थानचा दरबार गाशा गुंडाळायला लावणार."

पण त्या दिवशी खंडेनवमी! आमच्या घरी कात्रीसुद्धा पाटावर बसते. मग दरबारची उपकरणं बिनपूजेची ठेवू? उष्णतामापकाला हळदकुंकू, भिंगाला झेंडू. कलश तेवढा नव्हता. पाऊस मोजायचं तांब्याचं भांडं मात्र काय सुरेख दिसत होतं!

दुपारी रावसाहेब आले. "तात्या, आज पाऊस झाला?"

"छे!"

"मग यात दोन इंच पाणी? आणि वर नारळ?"

"साहेब, खंडेनवमी..."

"पुसा! सगळं पुसा!"

पुसलं. पण जीव कॅमेऱ्यात अडकलेला. ज्याच्यावर सगळ्यांचं पोट, तोच बिनपूजेचा? दिवस मावळताना सोवळं नेसून, तबक घेऊन निघालो.

शिपाई भेरूलाल मागून ओरडला, "भिया, मती जाओ! वां तार बंधी है!"

"अरे भिया, ती तार मीच बांधली! मला काय सांगतोस?"

कुंकू कॅमेऱ्याच्या पेटीलाच लावलं, भिंगाला नाही. बघा, केवढी काळजी! हार घातला. पण प्रदक्षिणेशिवाय पूजा होते का? पहिल्या फेरीला तार ओलांडली. दुसऱ्या फेरीलाही ओलांडली. तिसऱ्या फेरीला हात जोडले आणि भक्तीने डोळे मिटले.

भक्क!

"में कियो थो के नी!" लांबून भेरूलाल. सांगितलं होतं म्हणे!

सकाळी झाडाखाली वाघाची ताजी पावलं. नैवेद्याचा पेढा गायब. आणि पावलं कशी, तर झाडाभोवती पूर्ण गोल!

ठाणं बंद झालं. काच धुतल्यावर फोटो स्वच्छ आला. रावसाहेबांनी तो दरबारात पाठवला. खाली लिहिलं होतं: 'प्रौढ नर. पट्टे नाहीत. स्वतःहून आला.'