वॅगनकाकांच्या उजवीकडची जागा

वॅगनकाका गाडी डावीकडे बसून चालवायचे. सोसायटीत नवीन राहायला आलेल्या माणसाला पहिले काही दिवस वाटायचं, की हे गृहस्थ शेजारच्या सीटवर बसलेत आणि गाडी आपली आपण चालली आहे. त्यातून उजवीकडे कुणी बसलेलं असेल आणि तो माणूस निवांत शेंगा सोलत असेल, तर बघणाऱ्याचा जीव टांगणीला. काका काच खाली करून सांगायचे, "घाबरू नका, चालक इकडे आहे." हे वाक्य त्यांनी डोंबिवली पूर्वेत किती जणांना ऐकवलं असेल याला गणती नाही.

गाडी अमेरिकन होती. अठरा फूट लांब, फिकट हिरवी, मागे छप्पर सरळ शेवटपर्यंत गेलेलं, म्हणजे स्टेशन वॅगन. मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीतला साहेब मायदेशी जाताना विकून गेला, मग ती दोन घरं फिरली आणि तिसरं घर आमच्या सोसायटीतलं निघालं. बोनेटखाली आठ सिलिंडर. आमच्या पार्किंगचे पट्टे छोट्या गाड्यांच्या मापाने मारलेले, त्यामुळे ती दीड जागा अडवायची, आणि दर वार्षिक सभेत त्यावर अर्धा तास जायचा. काका तो अर्धा तास शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "मुद्दा बरोबर आहे. पुढचा विषय घ्या."

हे वेड त्यांना अमेरिकेत लागलं नव्हतं. अमेरिका त्यांनी पाहिलीही नव्हती. तरुणपणी सात वर्षं ते बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या फोरमनकडे अशी गाडी होती. त्याची गल्ली आमच्या गल्लीहून अरुंद, तिथे ही गाडी आणायची म्हणजे शेजारच्यांनी कुंड्या आत घ्यायच्या. "इंग्रज फार मोजून जगतो रे," काका सांगायचे. "बिस्किटं मोजून, अंगणातलं गवत मोजून. तरी हजारात एखादा असा निघतो, की त्याला ही लांबलचक अमेरिकन गाडीच लागते. का? तर मागे पोरं, कुत्रा, शिडी सगळं मावतं. हे घरी सांगायचं कारण. आणि पायाखाली आठ सिलिंडर आहेत, ते घरी सांगायचं नाही." मग डोळे बारीक करून म्हणायचे, "बाहेरून संसारी, आतून उनाड. डोंबिवलीकराला याहून चांगली गाडी कुठली?"

गाडीच्या संसारी बाजूवर आम्ही सगळ्यांनीच हात धुऊन घेतले. मानपाड्याच्या कंपनीतून मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्यावर काकांकडे वेळ होता आणि गाडीत जागा. महिला मंडळाचे फराळाचे डबे त्यातून गेले. कुणाचा फ्रिज गेला. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची कंबर धरली तेव्हा त्यांना मागे गादी घालून आडवंच नेलं आणि आडवंच आणलं. आजोबा येताना मागच्या काचेतून वर बघत होते. "या बिल्डिंगवर बेकायदा पत्रे टाकलेत," एवढं त्यांनी वाटेत तीनदा सांगितलं. काकांनी कुणाला कधी नाही म्हटलं नाही. सभेत पार्किंगवरून भांडणारे गृहस्थही मुलीच्या लग्नाचं सामान त्यातूनच घेऊन गेले.

आता माझं सांगतो. मी त्यांच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतो, ठाण्याला एका ऑफिसात कारकून आहे आणि स्वभावाने अत्यंत जपून वागणारा माणूस आहे. दर शनिवारी सकाळी काका गाडीला मोकळा श्वास घेऊ द्यायला शीळफाट्याकडे जायचे, आणि आठ वर्षं त्यांच्या उजवीकडे मी बसत होतो. कारण साधं होतं. आपल्याकडे ओव्हरटेक उजवीकडून करायचा, आणि डावीकडे बसलेल्या माणसाला पुढच्या ट्रकपलीकडचं काही दिसत नाही. ते उजवीकडच्याने बघून सांगायचं. काकांनी हे काम बर्मिंगहॅमला फोरमनच्या शेजारी बसून शिकून घेतलं होतं, आणि मला त्यांनी ते शिकवलं.

दोनच शब्द होते. "मोकळं" आणि "भरलेलं". काका विचारणार, "काय रे विनय?" आणि मी या दोनातला एक शब्द द्यायचा. नवा होतो तेव्हा एकदा म्हणालो, "मोकळं वाटतंय." काकांनी गाडी बाजूला घेतली. "वाटतंय हा शब्द गाडीच्या बाहेर ठेवून यायचं," ते म्हणाले. "तू मोकळं म्हणालास की मी बघत नाही. मला बघताच येत नाही. मी पाय देतो." मग पुढच्या ट्रकला मी मान बाहेर काढून, रस्ता संपेपर्यंत बघून "मोकळं" म्हणालो, आणि त्यांनी पाय दिला.

तो अनुभव मी कुणाला धड सांगू शकलेलो नाही. पाठ सीटला चिकटते, पोटात खड्डा पडतो, ट्रक मागे जातो आणि आवाज मात्र जेमतेम घुमल्यासारखा. मी, ज्याने आयुष्यात कुणाच्या पुढे जायला म्हणून काही केलं नाही, प्रमोशनची परीक्षासुद्धा दोनदा टाळली, तो मी मोठ्याने हसलो. काकाही हसले. शनिवारची मी सोमवारपासून वाट बघायचो. ऑफिसातल्या एकाने मला एकदा त्या गाडीत बघितलं आणि विचारलं, तेव्हा मात्र मी म्हणालो, "अरे, शेजारचे म्हातारे आहेत, सोबत म्हणून जातो." मी कसा माणूस आहे, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पाण्याच्या टँकरचा तो आठवडा होता. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शुक्रवारी रात्रीपासून जुंपली होती. मी कमिटीवर होतो आणि कुणीतरी लिहिलं होतं, की टँकर आला नाही कारण कमिटी झोपली आहे. शनिवारी सकाळी गाडीत बसून मी त्याला उत्तर लिहीत होतो. चांगलं खरमरीत जमत आलं होतं. शीळ रस्त्याला एका बाजूचं काम चालू असल्याने जाणारी-येणारी वाहनं उरलेल्या एकाच बाजूवर समोरासमोर होती. आमच्यापुढे कंटेनर होता. काकांनी विचारलं, "काय रे?"

मी मान वर केली. समोर रस्ता दिसला. किती दिसला ते बघितलं नाही. "मोकळं," म्हणालो आणि खाली बघितलं.

समोरून रिक्षा येत होती. काकांनी ब्रेक दाबून गाडी परत कंटेनरच्या मागे घातली, आमचा डावा कोपरा कंटेनरला धडकला, आणि रिक्षावाला आम्हाला चुकवायला बाहेर गेला तो खडीच्या ढिगावर जाऊन आडवा झाला. रिक्षा रिकामी होती, हे नशीब. त्याचं मनगट मोडलं. माझ्या मांडीवर फोन होता आणि तो मी खिशात घातला. आधी फोन खिशात घातला, मग दार उघडलं. हा क्रम मला अजून आठवतो.

काकांनी त्या रिक्षावाल्याला आपल्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. तो कळवळत म्हणत होता, "काका, बघून नाय का चालवायचं, घरी पोरं हायेत माझी." काका म्हणाले, "चूक माझी आहे. गाडी मी चालवत होतो." चौकीवर हवालदाराला त्यांनी हेच सांगितलं. हवालदाराने मला विचारलं, "तुम्ही काय करत होता?"

"शेजारी बसलो होतो," मी म्हणालो. त्याने तेवढंच लिहून घेतलं.

येताना हेडलाइट फुटलेली ती गाडी काका हळूहळू चालवत होते. मानपाड्याच्या अलीकडे एक टेम्पो बंद पडला होता. त्याच्या बाजूने काढायची होती. काकांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "काय रे?" मी दोनदा बघितलं, तीनदा बघितलं आणि म्हणालो, "मोकळं." त्यांनी लगेच पाय दिला. एका क्षणाचाही विचार केला नाही. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्याच वेळी सगळं ओकून टाकलं असतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. हे सोयीचं सांगणं आहे. बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं.

त्यानंतर काका दर आठवड्याला विठ्ठलवाडीला त्या रिक्षावाल्याच्या घरी जात राहिले, त्याचा हात चालू होईपर्यंत. मी एकदा गेलो, तेही केळी घेऊन.

पुढच्या रविवारी त्यांचा मुलगा मंदार पुण्याहून आला. मला वर बोलावलं. काका खिडकीपाशी पेपर घेऊन बसले होते, काकू आत होत्या. मंदार माझ्याहून बारा वर्षांनी लहान, सरळ मुलगा. म्हणाला, "विनयदादा, तुम्ही शेजारी होतात. बाबा काही सांगत नाहीत, नुसतं चूक माझी म्हणतात. तुम्ही खरं सांगा. त्यांना आता नाही ना जमत?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी काकांकडे बघितलं. ते पेपर वाचत होते, निदान डोळे तरी पेपरात होते. मी म्हणालो, "वय होतंच रे माणसाचं. रिफ्लेक्सेस थोडे कमी होणारच."

पेपर खाली आला. काका मंदारला म्हणाले, "ऐकलंस? झालं समाधान?" आवाज चढलेला नव्हता. मग काकू पोह्यांची बशी घेऊन आल्या आणि त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. काका म्हणाले, "त्याला लिंबू दे. तो लिंबाशिवाय खात नाही." मी लिंबू पिळून पोहे खाल्ले. सगळे खाल्ले.

गाडी ठाण्याच्या एका माणसाने घेतली, तो जुन्या गाड्या शूटिंगला भाड्याने द्यायचा. न्यायला त्याचा ड्रायव्हर आला. त्याने डावीकडे बसून कधी गाडी चालवली नव्हती आणि त्याला घाम फुटला होता. खाली सगळी सोसायटी जमली होती. पार्किंगवाले गृहस्थही हळहळत होते, आता आपलं सामान कोण नेणार म्हणून असेल. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि माझ्याजवळ थांबले. "ठाण्यापर्यंत याच्या उजवीकडे कुणीतरी हवं," ते म्हणाले. "तू बसतोस?"

मी म्हणालो, "आज जमणार नाही काका. ऑफिसात मीटिंग आहे."

त्या दिवशीही रविवारच होता.

"बरं," ते म्हणाले आणि स्वतः उजवीकडे जाऊन बसले. त्या बाजूला मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. गाडी गेटातून बाहेर पडताना त्यांनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि रस्ता दोन्ही टोकांपर्यंत बघितला. ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणत होते, "भरलेलं. भरलेलं. थांब. भरलेलं." मग बऱ्याच वेळाने, "मोकळं."

काका माझ्याशी पूर्वीसारखेच वागत राहिले, आणि ते मला फार जड गेलं. जिन्यात भेटले की पाण्याची, मुलीच्या दहावीची चौकशी करायचे. फक्त फोरमनच्या गोष्टी त्यांनी नंतर कधी काढल्या नाहीत, आणि शनिवारी सकाळी ते खाली उतरेनासे झाले. दोन वर्षांनी मंदार दोघांना पुण्याला घेऊन गेला. जाताना मी पाया पडलो. पाया पडण्यात मी कधीच कमी पडलो नाही.

गेल्या वर्षी काका गेले. मी पुण्याला भेटायला गेलो. काकू थकल्या होत्या, आत पडून होत्या. मंदारने मला बाल्कनीत नेलं आणि माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, "दादा, एक राहूनच गेलं होतं. तुम्ही त्या दिवशी बाबांच्या तोंडावर खरं बोललात, म्हणून ती गाडी सुटली. आमचं त्यांनी ऐकलं नसतं. शेवटपर्यंत त्यांनी मग स्टिअरिंगला हात लावला नाही. मी माझी गाडी दिली तरी नाही म्हणायचे. म्हणायचे, विनयने सांगितलंय ना, मग राहू दे. तुमचे उपकार आहेत आमच्यावर."

मी त्याचे हात सोडवून घेतले नाहीत. म्हणालो, "उपकार कसले रे, शेजारधर्म." मग चहा घेतला आणि स्वारगेटहून गाडी पकडली.

मंदार, हे तुझ्यासाठी लिहिलं आहे. तुझ्या बाबांच्या हातापायांना आणि डोळ्यांना त्या दिवशी काहीही झालेलं नव्हतं. बघायचं काम माझं होतं, आणि मी बघितलं नाही.